वेलाच्या झोपेचे गणित

पावसाळा उतरणीला लागतो, गटारे आणि टाक्या डासांनी भरतात, आणि जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांबाहेर फळांच्या गाड्यांवर किवी दिसू लागते. डेंग्यूच्या रुग्णाला किवी दिली की प्लेटलेट वाढतात, असा समज घट्ट बसला आहे. त्याला ठोस वैद्यकीय आधार नाही; फळात ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते, एवढे मात्र खरे. पण आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचे नसते आणि दोन केळी नेली तर जळगावात कोणाला कौतुक वाटणार? म्हणून किवी. एकेक नग मोजून विकले जाणारे हे फळ पाहिले, की केळी क्विंटलने विकणाऱ्या माणसाच्या मनात विचार येतोच, हे आपल्या वावरात का नको?

हल्ली या विचाराला खतपाणी घालणारेही भरपूर आहेत. घरपोच रोपे देणाऱ्या जाहिरातींत कुंडीतल्या हातभर वेलाला पंधरा-वीस फळे लटकलेली दिसतात आणि खाली ‘हार्डी किवी, कोणत्याही हवामानात’ असे लिहिलेले असते. हे प्रकरण त्या ओळीबद्दल आहे. किवीबद्दल आहे आणि त्याहून जास्त अशा एका वेलाबद्दल आहे, जो सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर-चोपड्यापासून शिरपूरपर्यंत, कोणी न लावता उगवतो.

आधी हार्डी किवी म्हणजे काय ते पाहू. आपण बाजारात घेतो ती लव असलेली तपकिरी किवी ही दक्षिण-मध्य चीनच्या डोंगरातली. तिची एक बहीण आहे, ॲक्टिनिडिया अर्गुटा. जपान, कोरिया, उत्तर चीन आणि रशियाचा अतिपूर्वेचा भाग हे तिचे माहेर. फळ मोठ्या द्राक्षाएवढे, साल गुळगुळीत, सोलायचे कारण नाही, चव मोठ्या किवीपेक्षा गोड. झाडावर पिकले की लवकर मऊ पडते, त्यामुळे दूरच्या बाजारात क्वचित पोहोचते. वेल मात्र दांडगा. जंगलात मोठ्या झाडांच्या शेंड्यापर्यंत जातो आणि त्याचा दोर इतका चिवट असतो की जपानच्या शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात याच वेलांचा झुलता पूल विणतात. सुमारे 45 मीटर लांबीचा तो पूल आजही दर तीन वर्षांनी नव्या वेलांनी बांधला जातो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बागेतून निसटलेल्या या वेलाने काही ठिकाणी जंगलातली झाडे झाकून टाकली आहेत आणि तिथले निसर्गप्रेमी तो उपटत बसले आहेत.

एवढा चिवट वेल आपल्याकडे का जगू नये? कारण त्याचा सगळा चिवटपणा थंडीपुरता आहे. झोपलेला अर्गुटा शून्याखाली 25-30 अंश सहज सोसतो. वैशाखातले 45 अंश आणि त्यावर पश्चिमेकडून येणारी कोरडी झळ सोसायला तो कधी शिकलेलाच नाही. त्याची पाने मोठी आणि पातळ, मुळे उथळ. पाणी कमी पडले की पान करपते, जास्त झाले की मुळे कुजतात. जिथे घरातला माणूस दुपारी बारा ते चार बाहेर पडत नाही, तिथे हे पान दिवसभर उघड्यावर राहणार.

उन्हाचे एक वेळ निभावेल. शेडनेट आहे, ठिबक आहे, केळीच्या बागेला वाऱ्यापासून वाचवायला शेवरी किंवा गजराज गवत लावायची सवय खानदेशला आहेच. खरी अडचण थंडीची आहे.

समशीतोष्ण प्रदेशातली झाडे हिवाळ्यात पाने गाळून झोपतात. ही झोप नुसती विश्रांती नसते, तिच्यात मोजमाप चालू असते. डोळ्याच्या आत, म्हणजे पुढच्या वर्षी फुटणाऱ्या कळीत, थंडीचा हिशेब जमा होत जातो आणि ठरावीक बेरीज झाल्याशिवाय ती कळी नीट फुटत नाही. मध्येच एखादा ऊबदार आठवडा आला म्हणून फसून फूल काढले आणि मागून बर्फ पडला, तर सगळे गेले; त्यावरचा हा उपाय. किवीच्या नेहमीच्या जातींना सात अंशांखालचे साधारण 700 ते 800 तास लागतात. अहोरात्र थंडी धरली तरी हा पुरा एक महिना झाला. हार्डी किवीच्या बहुतेक जातींची भूक याहून कमी नाही.

आता धुळ्याचा हिशेब मांडा. धुळ्याची थंडी काही लेचीपेची नाही. उत्तरेकडून लाट आली की इथला पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि राज्यातल्या सर्वांत गार गावांत धुळ्याचे नाव छापून येते. पण तो आकडा पहाटेचा असतो. सात अंशांखालची वेळ एका रात्रीत तीन-चार तासांची धरा, अशा पंधरा रात्री मिळाल्या असे उदारपणे समजा, तरी बेरीज पन्नास-साठ तासांवर थांबते. शिवाय दुपारी ऊन 27-28 अंशांवर जाते. 1974 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या संशोधकांनी पीचच्या झाडासाठी थंडी मोजायची जी पद्धत बसवली, तिच्यात ऊबदार तास बेरजेतून वजा होतात. त्या पद्धतीने मोजले तर खानदेशातली दुपार रात्रीची कमाई रोज खाऊन टाकते. नंदुरबारकडच्या सातपुड्यात, डाब-वालंब्याच्या बाजूला, एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात आणि त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. तिथेही दहा वाजता स्वेटर काढावा लागतो.

हा हिशेब आपल्या देशात कागदावर राहिलेला नाही, तो प्रत्यक्ष झाला आहे. भारतात किवी पहिल्यांदा लावली गेली ती 1960 मध्ये, बंगळूरच्या लालबागेत. वेल वाढला, फळ आले नाही. बंगळूरचा हिवाळा आपल्याला सुखाचा वाटतो, किवीला तो हिवाळाच वाटला नाही. मग 1963 मध्ये सिमल्याजवळ फागली इथल्या केंद्रात सात जाती आणून लावल्या आणि 1969 मध्ये तिथे फळ धरले. तेव्हापासून किवीचा रस्ता डोंगरातूनच गेला: हिमाचलात सोलन-सिमला, पुढे उत्तराखंड, सिक्कीम, आणि सर्वांत जोरात अरुणाचलात. तिथल्या झिरो खोऱ्यात किवी आधीपासून रानात होती, बाग म्हणून लागवड गेल्या पंचवीस वर्षांतली. भारतीय किवी म्हणून जे फळ आपल्याकडे येते, त्यातले बरेचसे तिथले.

इथे नाशिककडचा माणूस एक प्रश्न विचारतो आणि तो रास्त आहे. द्राक्षही थंड प्रदेशातलेच ना? मग ते कसे बसले? द्राक्षाला आपण झोपूच देत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराची छाटणी, आणि काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग. अशा रीतीने वेलाला वर्षातून दोनदा हलवून जागे करतो. द्राक्षवेल हे सोसतो, कारण त्याची थंडीची गरज मुळात थोडी आहे आणि उन्हाशी त्याचे वैर नाही. किवीच्या बागांतही न्यूझीलंडमध्ये हेच रसायन वापरतात. पण तिथे ते कमी पडलेली थोडी थंडी भरून काढते. सातशेतले साडेसहाशे तास बाटलीतून देता येत नाहीत. फुटलेच तर पाच-सहा डोळे फुटतात, तेही मागेपुढे, आणि त्यांत फूल नसते.

सफरचंदाचे उदाहरणही सांगितले जाते. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-99 ही जात निवडली, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती झाडे महाराष्ट्राच्या सपाटीवरही लागली. खरे आहे. पण तिथे एक वेगळे झाड सापडले होते. किवीत असे सापडेपर्यंत खानदेशातल्या शेतकऱ्याने एकराला पैसे घालून ती वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हौसेला लावलेल्या एका वेलाला माझी हरकत नाही. मुलगा किंवा लेक अमेरिकेत ओरेगनकडे असेल, तर त्यांच्या परसात हार्डी किवी जरूर लावायला सांगा. तिथे तिच्या व्यापारी बागाही आहेत.

परके फळ म्हणून मी विरोध करतो आहे, असे कोणी समजू नये. जळगावची केळी 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसली, पण आज वावरात उभी असते ती बहुतेक ग्रँड नैन, ऊतिसंवर्धनाची रोपे आणि ठिबकाची नळी घेऊन 1990 च्या दशकात आलेली पाहुणी. ती रमली, कारण केळीला झोप नावाची गोष्टच नाही. ऊब आणि पाणी मिळाले की ती वाढत राहते, आणि थंडीची लाट आली की उलट तिचीच वाढ अडते.

आता किवीची दुसरी अट, जी रोप विकणारा सहसा सांगत नाही. किवीचा वेल एकतर नर असतो, नाहीतर मादी. 1904 मध्ये न्यूझीलंडच्या वांगानुई गावातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर चीनहून परतताना या फळाचे बी घेऊन आल्या. ते अलेक्झांडर ॲलिसन यांच्याकडे पोहोचले आणि 1910 मध्ये त्यांच्या वेलाला पहिली फळे लागली. त्यांच्याकडे वाढलेल्या वेलांत दोन माद्या आणि एक नर होता, असे मानले जाते. तिन्ही नर निघाले असते तर? पुढे ऑकलंडचे रोपवाटिकाकार हेवर्ड राइट यांनी त्या वंशातून जी मोठ्या फळाची मादी निवडली, तिचे नाव आज हेवर्ड. 1959 पर्यंत सगळे याला चिनी गूजबेरी म्हणत. अमेरिकेच्या बाजारासाठी एका न्यूझीलंडच्या व्यापारी कंपनीने तिचे ‘किवीफ्रूट’ केले.

किवीची मादी फसवी असते. तिच्या फुलात पुंकेसरांचा झुबका दिसतो, परागही असतात, पण ते निर्जीव. जिवंत पराग शेजारच्या नराकडूनच यावे लागतात. त्यात या फुलांत मध नाही, म्हणून मधमाश्या मन लावून येत नाहीत. बागायतदार पेट्या वाढवतात, नाहीतर पराग गोळा करून स्वतः फवारतात. हे सगळे करायचे, कारण फळाचा आकार बियांवर ठरतो. चांगल्या मोठ्या फळात हजाराच्या आसपास बिया असतात आणि एकेका बीमागे परागाचा एक कण लागतो. हिमाचलात दर तिसऱ्या ओळीत दर तिसरा वेल नर लावतात. म्हणजे आठ माद्यांना एक नर. बियांपासून केलेली किवीची रोपे घेतली तर त्यांतली निम्मी नर निघणार, आणि ते कळणार फुलावर आल्यावर, म्हणजे काही वर्षांनी. म्हणून छाटाची किंवा कलमाचीच रोपे लावतात.

धुळ्या-नंदुरबारच्या पपईवाल्याला हे नवे नाही. तैवानची 786 ही जात येण्याआधी गावठी पपईची तीन-तीन रोपे एका खड्ड्यात लावत. फूल दिसले की नर ओळखून तोडायचे, दहा झाडांमागे एक ठेवायचा. कोणी हुशारीने सगळेच नर तोडले, तर त्याची बाग डोलत राही, पिकत नसे.

आणि हाच हिशेब मागणारा एक वेल आपल्या बांधावर आहे. करटुली.

जळगावात कर्टुले, कुठे कटुर्ले, विदर्भात काटवल, कोकणात कंटोळी, गोव्यात फागलां. श्रावणात बाजाराच्या कडेला पावरा, तडवी, भिल्ल बाया सागाच्या पानावर याचे वाटे मांडून बसतात. मऊ काट्यांची, लिंबाएवढी हिरवी फळे. चकत्या करून लसूण-मिरचीवर परतायच्या, वर दाण्याचे कूट, सोबत कळण्याची भाकरी. अनेकदा भाव किलोला दोनशेच्या वर जातो, आणि घेणारे तरीही पावशेर-अर्धा किलो घेतातच, कारण दोन-तीन महिन्यांनंतर ही भाजी दिसत नाही. वनस्पतिशास्त्रात हिचे नाव मोमोर्डिका डायोइका. कारल्याची चुलतबहीण, कडूपणा नसलेली.

करटुली झोपते, पण किवीच्या उलट्या वेळी. पावसाळा संपला, हवा कोरडी झाली की वेल वाळतो, तुटतो, उडून जातो. जमिनीखाली कंद राहतो. हिवाळा जातो, होळी जाते, मे महिन्यात जमीन भेगाळते, कंद तसाच पडून असतो. मृगाच्या आगेमागे ओल आत उतरली की त्याला कोंब येतो आणि महिना-सव्वा महिन्यात वेल फुलावर येतो. किवी ज्या ऋतूला घाबरून झोपायला शिकली तो बर्फाचा, करटुली ज्याला घाबरली तो उन्हाळ्याचा. खानदेशात दुसराच येतो, दरवर्षी न चुकता.

नर-मादीची गोष्ट मात्र दोघींची सारखी. करटुलीचे बी लावले तर साधारण निम्मे वेल नर निघतात. आयुर्वेदात फळ न धरणाऱ्या वेलाचा कंद वंध्याकर्कोटकी म्हणून वेगळा ओळखला जातो, मराठीत त्याला वांझ करटुली म्हणतात. तो वेल बहुतेक वेळा नर असतो. वांझ म्हटल्यावर त्याची कदर कोण करणार? बांध साफ करताना पहिला घाव त्याच्यावर पडतो आणि पुढच्या वर्षी शेजारच्या फळणाऱ्या वेलाची फुलेही नुसती गळून पडतात. मग म्हणायचे, पाऊस बरोबर पडला नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. नराची कळी लांब देठावर असते आणि तिला खालून हिरव्या पानासारखी एक मोठी टोपी वेढून असते. मादीच्या पिवळ्या फुलामागे, देठाच्या टोकाला, काटेरी मण्याएवढे फळ आधीच बसलेले दिसते. पराग मिळाले तर तो मणी वाढतो, नाही मिळाले तर दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो.

फूल उमलते ते संध्याकाळी. दिवसाच्या मधमाश्या तोपर्यंत घरी गेलेल्या असतात. सुगंधावर येतात ते रात्रीचे पतंग. खानदेशासाठी हा बारकावा महत्त्वाचा आहे. मधमाश्या वाचाव्यात म्हणून कपाशीवर फवारणी संध्याकाळी करा, असे आपण शिकलो. करटुलीच्या ताटीजवळ तीच वेळ नेमकी चुकीची ठरते. कपाशीच्या मधोमध करटुली लावणाऱ्याने पतंगांच्या भरवशावर राहू नये. दिवस मावळल्यावर नराची ताजी फुले तोडायची, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादीच्या फुलातल्या टोकाला अलगद टेकवायचे. एका नरफुलात दोन-चार माद्या सहज होतात. टॉर्च लावून असे अर्धा-पाऊण तास फिरणारी घरातली पोरे असली, तर छोट्या क्षेत्रात याच्याइतका भरवशाचा उपाय नाही.

लागवडीचे म्हणाल तर बी हा सर्वांत वाईट रस्ता. टरफल कठीण, उगवण महिनोन्महिने लांबते, आणि निम्मे नर. कंद लावावा किंवा पावसाळ्यात दोन-तीन पेरांचे छाट करून रुजवावे. मादीच्या छाटाला मादीच येते, हा मोठा फायदा. छत्तीसगडच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने इंदिरा कंकोडा-1 ही जात दिली आहे. पण आपल्या टेकडीवरची भरपूर फळ देणारी मादी ओळखून तिचेच छाट वाढवणे कोणालाही जमेल. हेवर्ड राइटने किवीत तेच केले होते.

दोन मीटर बाय दोन मीटरवर एकरी साधारण हजार वेल बसतात. आठ-दहा माद्यांमागे एक नर धरला तर नव्वद ते एकशे दहा नर लागतील, आणि ते एका कोपऱ्यात न लावता सगळीकडे विखरून लावायचे. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन तिला आवडते. सातपुड्याच्या उतारावर ती उगवते ते त्यासाठीच. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत लावायची असेल तर उंच गादीवाफ्यावर लावा, नाहीतर पाणी साचून कंद सडतो. आधाराला बांबू-तारेची पाच-सहा फुटी ताटी पुरते. इथे किवीपेक्षा काम पुष्कळ हलके आहे. किवीला तणावे नसतात, ती स्वतःच्या खोडाभोवती, शेजारच्या फांदीभोवती पिळे घालते, म्हणून तिला एकच सरळ खोड ठेवून तारेवर दोन हात पसरावे लागतात, दर हिवाळ्यात जुने लाकूड निर्दयपणे छाटावे लागते आणि वजन पेलायला लोखंडी टी-खांब उभे करावे लागतात. करटुलीचे तणावे सुतळीलाही धरतात. वेल एका हंगामाचा, लाकूड होतच नाही, छाटणी उन्हाळाच करून देतो.

मोठा शत्रू फळमाशी. कोवळ्या फळात अंडी घालते आणि आतून अळी पडते. क्यू ल्यूरचे सापळे फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच टांगावेत, डंखलेली फळे वेचून खोल पुरावीत. तोडणी बी कोवळे असतानाच करावी. फळ पिवळसर झाले की भाजी म्हणून संपले. पुढे ते नारिंगी होऊन उकलते, आतला लाल गर पाखरे खातात आणि बी नेतात.

पाऊस गेल्यावरचे सहा-सात महिने लोक चुकतात. वेल वाळला म्हणून खुंटीची खूण काढून टाकतात आणि उन्हाळी नांगरटीत ट्रॅक्टर कंदांचे तुकडे करतो. किंवा ठिबक चालूच ठेवतात आणि झोपलेला कंद कुजवतात. पाणी बंद करावे, कंदावर पालापाचोळा टाकावा, खुंट्या तशाच ठेवाव्यात. पहिल्या वर्षी उत्पन्न थोडे येते, कंद पोसेल तसे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाढते. मरतुकीच्या जागी नांग्या भरताना आधी काय मेले ते पाहावे. नर मेला असेल तर नरच लावावा.

राज्याचा कृषी विभाग 2020 पासून ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे करटुली पहिल्या तासात संपते. मागणी वाढली ही चांगली गोष्ट, पण तिची दुसरी बाजूही दिसू लागली आहे. लागवडीसाठी कंद हवेत म्हणून सातपुड्यातले जंगली कंद खणून विकले जातात. फळ तोडले तर वेल पुढच्या वर्षी येतो, कंद नेला तर येत नाही. आणि त्या टेकडीवर श्रावणात चार पैसे मिळवणाऱ्या बाईची कमाई कंदाबरोबर जाते. कंद विकत घ्यायचाच असेल तर ज्याने लावून वाढवला त्याच्याकडून घ्या. घेताना विचारा, मादी किती, नर किती. ज्याला सांगता येणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. किवीचे रोप विकणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा आणि जोडीला थंडीचे किती तास लागतात ते विचारा. ‘कोणत्याही हवामानात’ असे उत्तर आले तर पैसे खिशात ठेवा.

तुमच्या बांधावर करटुली असेलच. येत्या श्रावणात संध्याकाळी कंदील नाहीतर मोबाइल घेऊन एक फेरी मारा, फुलामागे काटेरी मणी आहे की हिरवी टोपी ते पाहा, आणि मादीला लाल व नराला पांढरी चिंधी कंदाशेजारच्या खुंटीला बांधून ठेवा. दिवाळीनंतर वेल वाळला की कंदावरून नर-मादी ओळखता येत नाही.